चार बोटं मागे

"हललीस!" तो म्हणाला. आणि समोर खुर्चीत होतं कोण, तर बाटली. हिरव्या काचेची, पोटाशी जरा फुगीर, रिकामी बाटली. ती कशाला हलेल? पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, त्यातली गत. फोटो धूसर आला की त्याच्या तोंडून वर्षानुवर्षं तो एकच शब्द निघत आलेला, तसा आजही निघाला आणि निघाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. भर दुपारी, खिडकीत चांगलं ऊन आलेलं असताना, साठी ओलांडलेला माणूस रिकाम्या घरात बाटलीवर डाफरतोय. कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, गेलं म्हातारं कामातून. पण ऐकायला होतं कोण? त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला आणि पुन्हा बघितलं. डावीकडे नव्या कॅमेऱ्याचा फोटो, उजवीकडे जुन्याचा. तीच बाटली, तीच खुर्ची, तोच उजेड. लेन्ससुद्धा तीच, एकाची काढून दुसऱ्याला लावलेली. डावीकडे बाटलीच्या गळ्यावरचा चरा दिसत होता, लेबल खरवडल्यावर राहिलेला डिंक दिसत होता. उजवीकडे बाटली नुसती मऊ, लोण्यात बोट फिरवल्यासारखी. आणि तिच्या मागची खुर्चीच्या पाठीची वेताची वीण मात्र लख्ख. एकेक काडी मोजून घ्यावी. त्याचं हसू तिथेच थांबलं.

त्याने पुन्हा फोटो काढला. ट्रायपॉडचे स्क्रू आवळून, श्वास रोखून, बटणाला हात न लावता टायमरवर. पुन्हा तेच. मग टेबलाच्या खणातून लाकडी फूटपट्टी काढली, तिचं एक टोक पुस्तकांवर ठेवून तिरकी केली आणि मधल्या आकड्यावर फोकस धरून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपली. नव्याने ज्यावर धरला तोच आकडा चोख दिला. जुन्याचा फोकस घसरून मागे जाऊन बसला होता. किती मागे? त्याने पट्टीवर आपला हात आडवा ठेवला. अंगठा सोडून चार बोटं. बरोबर चार बोटं. म्हणजे ज्याच्याकडे बघतोय म्हणून हा कॅमेरा सांगायचा, त्याच्या चार बोटं मागे बघत राहायचा. बाटलीचं काही अडलं नव्हतं, पण त्या खुर्चीत इतकी वर्षं बाटली बसत नव्हती.

नवा कॅमेरा त्याचा नव्हता, अजून तरी. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो वापरून बघायला म्हणून दिला होता. या दुरुस्तीवाल्याला सगळे फुंकर म्हणत, कारण तो कशावरही आधी फुंकर मारायचा. लेन्सवर, किल्लीवर, बिस्किटावर, आणि एखादा अवघड प्रश्न आला तर त्याच्यावरसुद्धा. "मास्तर," फुंकर म्हणाला होता, "तुमचा म्हातारा आता खोकायला लागलाय. तो मला देऊन टाका आणि हा न्या. पण आधी दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि हे बघा, भांड्याबाटल्यांवर नका तपासू. चेहरा घ्या. कॅमेऱ्याचं खरंखोटं चेहऱ्यावर कळतं." मास्तर हे नाव त्याला स्टुडिओतल्या पोरांनी दिलेलं. शाळेत त्याने जन्मात शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याची चूक दिसली की धडा दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सगळी उमर त्याने त्या स्टुडिओत कॅटलॉगचे फोटो काढण्यात घालवली. किटल्या, दिवे, कपबश्या, इस्त्र्या. किटलीच्या तोटीवर उजेड कसा घसरला पाहिजे हे त्याच्याकडून शिकावं. किटलीला हलू नकोस म्हणून सांगावं लागत नाही, हा त्याचा ठरलेला विनोद होता, आणि घरी आल्यावर तो त्याचं उरलेलं अर्धं वाक्य बायकोच्या अंगावर टाकायचा, तुला मात्र सांगावं लागतं.

चेहरा घ्या म्हणे. चेहरा आणायचा कुठून? शेजारच्या दाराला कुलूप होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी 'बरं आहे ना'च्या पलीकडे कधी बोलणं नव्हतं, त्यांना जाऊन काय सांगणार, जरा तुमचं तोंड उसनं द्या? सकाळी घंटा वाजली तेव्हा दारात कुरियरवाला होता. त्याने धीर करून विचारलं, "दोन मिनिटं आत येऊन खुर्चीत बसता का?" "कशाला?" "काही नाही, नुसतं बसायचं. मला चेहरा हवाय." त्या माणसाने पाकीट याच्या हातात कोंबलं आणि सही न घेता, मागे न बघता, दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळाला. या घरात एकेकाळी एक चेहरा असायचा, बोलावला की येऊन बसायचा, हातातलं काम टाकून बसायचा, आणि आपण त्याला काय म्हणायचो? हे त्याच्या तेव्हा मनात आलं नव्हतं. तेव्हा तो फक्त आत गेला आणि ओट्याखालची बाटली धुऊन आणली. बायको गेल्यापासून घर खायला उठतं असं लोक म्हणतात, पण त्याला तसं कधी वाटलं नव्हतं. घर काही खात नाही, घर नुसतं तोंड मिटून बसतं. तुम्ही काही विचारा, उत्तर नाही.

आणि त्यात मुलीचा फोन. मुलगी दुसऱ्या शहरात, नव्या घरात राहायला गेलेली. दारातून आत आलं की समोरची भिंत, तिच्यावर तिला आईचा फोटो हवा होता. मोठा. "चेहरा नीट दिसेल असा द्या बाबा," ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हाही बघतो. काल मात्र तिचा आवाज चढला. "बाबा, जगातल्या किटल्यांचे फोटो आहेत तुमच्याकडे. आईचा एक नीट फोटो नसेल? उद्या संध्याकाळपर्यंत द्या. नाहीतर तिच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा घेते मी, तो निदान दिसतो तरी." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोटो होते, शेकड्यांनी होते. कॉम्प्युटरमध्ये वर्षावर्षाचे कप्पे करून नीट ठेवलेले होते. पण एकूण एक धूसर. मोठा करायला घेतला की तिचा चेहरा विरघळायला लागायचा, डोळे कुठे संपतात आणि भुवया कुठे सुरू होतात कळायचं नाही. ओळखपत्रावरचा फोटो त्याने पाहिला होता. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. मुलीच्या घरात रोज दारातून आत येणाऱ्याकडे आई घाबरून बघत राहणार, आणि कोणी विचारलं की मुलगी सांगणार, माझे वडील फोटोग्राफर होते. आज संध्याकाळी मुदत संपत होती.

इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? हा प्रश्न त्याने स्वतःलाच असा विचारला, जसा स्टुडिओतल्या नव्या पोराला विचारला असता, आणि उत्तर इतकं साधं निघालं की त्या पोरानेही ते चटकन दिलं असतं. स्टुडिओत तो लेन्सचं तोंड बारीक करायचा. तोंड बारीक केलं की पुढचं-मागचं सगळं चोख येतं, किटलीची तोटीही आणि कानही. चार बोटांची चूक त्यात बिनबोभाट जिरून जायची. तोच कॅमेरा घरी आणला की मात्र त्याला कलेचा झटका यायचा. संध्याकाळचा मंद उजेड, ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत, मागचं सगळं कसं हळुवार विरलं पाहिजे, म्हणून लेन्स पूर्ण उघडायची. उघडली की फक्त एक पातळसा पडदा चोख येतो. त्या पडद्यात तिचे डोळे असायला हवे होते आणि कॅमेरा तो पडदा नेऊन तिच्या कानांमागे टांगत होता. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा काचेवर सगळंच छान दिसतं. कॉम्प्युटरवर आलं की धूसर. मग दोष कुणाचा? कॅमेरा स्टुडिओत रोज सोन्यासारखा चालतो, हात आपला पंचवीस वर्षांचा मुरलेला. उरली कोण?

"हललीस."

"अहो, नाही हलले मी."

"कॅमेरा खोटं बोलेल का?"

"मग तुम्ही बोलत असाल." आणि ती हसायची. सुरुवातीची वर्षं हसायची. मुलगी लहान होती तेव्हा तिच्यासमोर डोळे मिचकावून म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं आहे तुझ्या बाबांचं. फोटो काढता येईना, बायको हलते." मुलगी टाळ्या पिटायची. ही मुलगी म्हणजे अंगात वारं भरलेली, एका जागी म्हणून ठरायची नाही, पण बाहेर मैदानावर धावता धावता काढलेले तिचे फोटो चोख यायचे. कडक उन्हात लेन्स बारीक असणार, येणारच. तेही त्याने बायकोवर वापरलं होतं. "ती पळते तरी नीट येते, आणि तुला दोन क्षण नुसतं बसता येत नाही?" हे तो चिडून म्हणायचा नाही. समजावून सांगितल्यासारखं म्हणायचा, आणि आता आठवताना त्याला तेच जास्त लागत होतं. चिडला असता तर तीही चिडली असती, भांडली असती, सोक्षमोक्ष लागला असता. समजावून सांगणाऱ्या माणसापुढे काय करायचं? हळूहळू ती मान ताठ धरून बसायला लागली. मग श्वास रोखून. मग खुर्चीच्या हातांना घट्ट धरून, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. आणि फोटो आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, फोटोकडे नाही.

ती इस्पितळात रक्त काढायची. त्यातही तान्ह्या बाळांचं. शिवणदोऱ्याएवढी बारीक शीर, मूल आकांत करतंय, आई बाजूला तोंड फिरवून रडतेय, आणि ही एका दमात सुई घालून मोकळी. "त्या बाईच येऊ देत," असं लोक सांगून ठेवायचे. त्या हातांचं सगळ्या इस्पितळात नाव होतं. घरी मात्र ते हात असलेली बाई हलायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हा हिशेब त्याने कधी घातला नाही. तिने घातला. एकदा घरी येऊन, चपला काढता काढता, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आज एका बाळाला दोनदा टोचावं लागलं." तो लेन्स पुसत होता. "होतं असं कधीतरी," तो म्हणाला. "आधी कधी होत नव्हतं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुम्ही म्हणता ते खरं असेल कदाचित. मला कळत नसेल, पण हात हलत असेल." त्याने मान वर केली नाही. आज त्याला ते वाक्य असं ऐकू आलं की जणू तिने आत्ता, या खोलीत, चपला काढता काढता म्हटलं. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, छे गं, काहीतरीच काय. चार शब्द होते. तेवढेही जमले नाहीत.

मग ती कपाची संध्याकाळ. स्वयंपाकघरातून ती चहाचा कप घेऊन आली, काठोकाठ भरलेला, बशीशिवाय. त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात सरळ लांब केला.

"बघा."

"काय बघू?"

"सांडतोय का, ते बघा."

चहावर वरच्या दिव्याचं गोल प्रतिबिंब पडलं होतं. ते तसंच्या तसं होतं, काठालाही शिवत नव्हतं. तिचा हात लांबच्या लांब, कोपरात न वाकवलेला, आणि डोळे त्याच्यावर. कितीतरी वेळ ती तशी उभी होती. आणि तो म्हणाला, "बरं बाई, नाही सांडत. आण इकडे, निवेल." त्याने कप घेतला आणि घेताना त्याच्याच हातून चहा पायजम्यावर सांडला. दोघंही हसली. त्याला वाटलं, विषय संपला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर कळसा बाईने हातात धरून नाकासमोर आणला होता आणि हा पायजमा झटकत बसला. पुढल्या महिन्यात तिने सुई सोडली. नाव नोंदवायच्या खिडकीवर बदली मागून घेतली. "आता वय झालं," म्हणाली. तो म्हणाला, "बरं झालं, दिवसभर उभं राहणं तरी वाचलं."

त्याने खुर्चीतली बाटली उचलली आणि जमिनीवर ठेवली. ती तिथे बसलेली त्याला बघवेना. मग कॉम्प्युटरसमोर बसून त्याने तिचे कप्पे उघडले, अगदी पहिल्यापासून. आतापर्यंत तो हे फोटो फक्त डोळ्यांपाशी मोठे करायचा आणि बंद करायचा. आज पहिल्यांदा त्याने डोळ्याच्या बाहुलीत पडलेला खिडकीच्या उजेडाचा ठिपका नीट बघितला. स्टुडिओत नव्या पोरांना त्याचा पहिला धडा हाच असायचा. माणूस हलला तर उजेडाचा ठिपका एका बाजूला ओढला जातो, शेपूट फुटते. फोकस चुकला तर ठिपका गोलच राहतो, फक्त फुगतो. पोरांकडून त्याने हे घोकून घेतलं होतं. तिच्या डोळ्यांतला ठिपका गोल होता. पुढच्या फोटोत गोल. त्याच्या पुढच्या वर्षी गोल. एकाही ठिपक्याला शेपूट नव्हती. दगडासारखी बसली होती बाई, वर्षानुवर्षं, आणि पुरावा तिच्याच डोळ्यांत होता. आपण तो उघडून पाहिला नाही, कारण आपल्याला आधीच माहीत होतं! त्याने टेबलावर मूठ आपटली. दुखलं. दुखलं ते बरं वाटलं.

आणि मग त्याला दिसायला लागलं की चोख काय काय आलंय. तिचा कान. पाळीवरचं जुनं बुजलेलं छिद्र. कानामागे सुटलेल्या दोन बटा, एक काळी, एक पांढरी. अंबाड्यातली पिन, तिच्या टोकाचा उडालेला रंग. स्वेटरच्या खांद्यावरचा उसवलेला टाका, जो तिने वेगळ्याच रंगाच्या लोकरीने घातला होता. मानेवरचा तीळ तर तो विसरूनच गेला होता. हे सगळं इतकं स्पष्ट की हात लावावा. ती इथेच होती. सगळ्या फोटोंत होती, फक्त तो बघत होता तिथून चार बोटं मागे. तो एकेक कान, एकेक बट बघत गेला आणि ते सगळं मिळून काही चेहरा होत नव्हता. मुलीला काय सांगणार? आईचा कान लाव भिंतीवर?

त्याने फुंकरला फोन लावला. कशाला लावला, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

"जुन्याचा फोकस मागे पडतोय," तो म्हणाला. "चार बोटं. पहिल्यापासून."

पलीकडून फुंकर ऐकू आली. "असतं हो मास्तर. एखादा नग असा निघतो. त्यात काय एवढं? आत मेनू आहे की. फोकसचा कप्पा उघडायचा आणि थोडा पुढे सरकवायचा. झालं."

"कुठे आहे मेनू?"

"कॅमेऱ्यातच. शेवटून दुसऱ्या पानावर." फुंकर जरा थांबला. "तुम्ही उघडलाच नाहीत का कधी? मला वाटलं, तुम्हाला..." मग बिचाऱ्याने पुन्हा एक फुंकर मारली. "राहू द्या. संध्याकाळी घेऊन या जुना. मी बघतो त्याचं काय करायचं ते."

त्याने मेनू उघडला. शेवटून दुसरं पान. तिथे एक रेघ होती, मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, एका बाजूला उणे, आणि काटा शून्यावर उभा. कॅमेरा घरात आला त्या दिवसापासून शून्यावर उभा. दोन बटणांचं काम होतं. एवढं एक पान उघडलं असतं तर एक बाई आपल्या हातांवर संशय न घेता जगली असती आणि तान्ह्या पोरांना दुसरी सुई बसली नसती. त्याने काटा सरकवला नाही. आता कुणासाठी सरकवायचा?

ऊन खिडकीतून खुर्चीच्या पायांपर्यंत उतरलं होतं. एकच कप्पा राहिला होता, शेवटच्या फोटोंचा. तिने सुई सोडल्यानंतरचा. मुलगी घर सोडून गेली होती, दोघांनाच घरात बोलायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि एका संध्याकाळी त्याला पुन्हा तो झटका आला. "बस ना खिडकीपाशी." ती बसली. त्या वेळी पहिला फोटो, "हललीस." दुसरा, "हललीस." तिसऱ्यांदा त्याने डोळा लावला, बटण अर्धं दाबलं, कॅमेऱ्याने फोकस धरल्याची टिकटिक केली आणि तेवढ्यात तिने खुर्चीच्या दांड्यांवर हात दाबून अंग मागे टाकलं. मुद्दाम. "हे बघा," ती म्हणाली, "आता हलले!" आणि त्याचं बोट तोवर खाली गेलं होतं. त्याने कॅमेरा खाली घेतला. "राहू दे मग," म्हणाला. ती उठून आत गेली, आतून भांड्यांचा आवाज आला, आणि त्याच्या आठवणीत ती संध्याकाळ अशी बसली होती की ती चिडली, आणि चिडून पुन्हा कधी त्या खुर्चीत बसली नाही. नंतर आजारपण आलं. मग फोटो काढायचा विषयच नव्हता. तो तिसरा फोटो त्याने कधी मोठा करून पाहिला नव्हता. पाहायचं काय? तिला हलताना त्याने आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याने तो उघडला.

आधी खुर्चीचे दांडे दिसले, धूसर. तिचे गुडघे धूसर. मग तो वर गेला आणि त्याचा हात थांबला. पापण्या. एकेक पापणी वेगळी. डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या, नाकावर चष्म्याने पाडलेली खूण, खालच्या दातांतला जरा पुढे आलेला एक दात. गालावर साबणाचा फेस वाळून राहिलेला, भांडी घासताना उठवलं असणार तिला. ती चार बोटं मागे सरकली होती आणि बरोबर तिथे जाऊन थांबली होती, जिथे हा कॅमेरा इतकी वर्षं तिची वाट बघत बसला होता. सगळ्या आयुष्यात ती या कॅमेऱ्यापुढे एकदाच हलली आणि तेवढाच एक फोटो नीट आला. आणि ती चिडलेली नव्हतीच. ती हसत होती. तोंड अर्धं उघडं, मान मागे, डोळे बारीक झालेले, बायकोने नवऱ्याची जिरवल्यावर जसं हसावं तसं मोकळं हसत होती. चिडला होता तो. 'राहू दे मग' त्याने म्हटलं होतं. तिचं हसू त्याने बघितलंच नाही, कारण तो कॅमेरा खाली ठेवायच्या घाईत होता, आणि पुढे इतकी वर्षं आपला राग तिच्या नावावर मांडून ठेवला. तो रडला. हुंदके देऊन, आवाज करून रडला. घर तोंड मिटून बसलं होतं, त्याने त्याची पर्वा केली नाही.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा त्याने तोंड धुतलं आणि फोटो मुलीला पाठवला, आहे तसा, काही न पुसता, गालावरच्या फेसासकट. नवा कॅमेरा खोक्यात भरून दाराशी ठेवला. जुना त्याने टेबलावरच राहू दिला, फुंकर काय म्हणायचं ते म्हणो. मग फोनजवळ जाऊन बसला. फोन लगेच वाजला.

"बाबा!" मुलगी म्हणाली. "हा कुठे होता इतके दिवस?"

"इथेच. मी उघडला नव्हता."

"अगदी आई आहे ही. अगदी अश्शीच हसायची." ती नाक ओढत हसली. "तोंड बघा ना तिचं, मध्येच काहीतरी बोलतेय. काय म्हणतेय हो?"

त्याने खुर्चीकडे बघितलं.

"म्हणतेय, आता हलले."

लहानपणी टाळ्या पिटणारी ती पोर, तिला सगळं ठाऊक होतं. सुई का सुटली तेही कदाचित त्याच्याआधी ठाऊक होतं. मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि त्याच्याआधी, बाबा?"

"त्याच्याआधी," तो म्हणाला, "ती कधीच हलली नव्हती गं."